लिंगम्माच्या गाडीचा डिस्ट्रिब्युटर

बिदर जिल्ह्यातल्या चिंताकीत लिंगम्माला ओळखत नाही असं कुणी नाही, पण तिला गाडी चालवताना पाहिलेली माणसं आता थोडीच उरली आहेत. पासष्ट वर्षांची, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, आणि चालणं असं की बरोबर येणाऱ्याला पळावं लागतं. ही बाई एकेकाळी औरादपासून आळंदपर्यंतच्या जत्रांमधून ट्रक चालवायची, असं सांगितलं तर गावातल्या नव्या सुना आधी तिच्याकडं बघतात आणि मग तिच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडकडं. ट्रक त्या शेडमध्ये उभा होता. पेट्रोलवर चालणारा, कार्बोरेटरचा, चार सिलिंडरांचा, बुटक्या नाकाचा छोटा ट्रक.

तिच्या नवऱ्यानं, हावगेप्पानं, तो बिदरच्या एका व्यापाऱ्याकडून जुना घेतला होता. त्यानंतर चारच वर्षांत हावगेप्पा काविळीनं गेला. लिंगम्मा तेव्हा सव्वीस वर्षांची होती आणि मुलगी शिवकन्या तीन वर्षांची. सासरच्यांनी गाडी विकायचं ठरवलं. गिऱ्हाईक दारात आलं तेव्हा लिंगम्मानं किल्ली कमरेला खोचली आणि म्हणाली, "गाडी मी चालविणार हाय." तिला तेव्हा क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हेही माहीत नव्हतं. सहा महिने तिनं माळावर गाडी फिरवली, दोन बाभळी पाडल्या, आणि मग बिदरला जाऊन लायसन काढून आली.

बांगड्यावाले, भांडीवाले, चुरमुऱ्यावाले यांचं सामान ती एका जत्रेतून उचलायची आणि दुसऱ्या जत्रेत टाकायची. कानडी गावात कानडी, मराठी गावात मराठी, पोलिसांशी दख्खनी. लोक पहिल्या वर्षी हसले, दुसऱ्या वर्षी नावं ठेवली, तिसऱ्या वर्षापासून तिची वाट बघू लागले. सगळी जत्रा तिला लिंगम्माअक्का म्हणायची.

पहिल्याच वर्षी आळंद तालुक्यातल्या मादन हिप्परग्याच्या वेशीजवळ तिची गाडी फटफट करून बंद पडली. जवळच कडुलिंबाखाली एक छपराचं गॅरेज होतं. तिथला मिस्त्री चन्नवीर, तिच्याच वयाचा, लग्न न झालेला, कमी बोलणारा. त्यानं बॉनेट उघडलं. इतर ठिकाणचे मिस्त्री बाईला लांब सावलीत बसायला सांगायचे. ह्यानं तिच्या हातात पान्हा दिला.

"ह्याला डिस्ट्रिब्युटर म्हणत्यात," तो म्हणाला. "चार सिलिंडरांना पाळीपाळीनं ठिणगी वाटून देतो. ह्याची पाळी चुकली की गाडी चुकली. हे एक शिकलाव तर रस्त्यात कुणाच्या तोंडाकडं बघायची गरज न्हाई."

त्यानं तिला ठिणगीसाठी उघडझाप करणारे आतले पॉइंट दाखवले. सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद त्यांच्यात धरून इंजिन हातानं हळूहळू फिरवायचं आणि कागद ज्या क्षणी सुटतो तो ठिणगीचा क्षण, हे शिकवलं. नंतर तर कागदही नको म्हणाला. डोळे मिटायला लावले आणि नुसत्या आवाजावरून टायमिंग कसं ओळखायचं ते सांगितलं. लिंगम्माला ते दोन तासांत आलं. त्या दिवशी ती निघाली तेव्हा त्यानं विचारलं, "पुढची जत्रा कुठं, लिंगम्मा?" अक्का न म्हणता. तिच्या ते लक्षात आलं होतं.

वर्षातून तीन-चारदा ती त्या वाटेनं जायची. गाडीला काही झालेलं असो वा नसो, कडुलिंबाखाली थांबायची. त्यांच्यात बोलणं गाडीचंच व्हायचं. पाचव्या वर्षी, पॉइंट घासता घासता, चन्नवीर वर न बघता म्हणाला, "आपल्या लिंगायत लोकांत विधवेच्या लग्नाला अडकाठी न्हाई. शरण संतांनी आठशे वर्षांमागंच मोकळं केलंय ते. तुमच्या पोरीसकट मी तयार हाय."

लिंगम्मानं हातातला पान्हा खाली ठेवला. तिला सासरचं घर दिसलं, वाटणीला आलेलं तीन एकर रान दिसलं, आणि शिवकन्येला उद्या कोण काय म्हणेल ते ऐकू आलं.

"शिवकन्येचं लगीन होऊ द्या," ती म्हणाली. "मग बघू."

शिवकन्या तेव्हा आठ वर्षांची होती. चन्नवीर सहा वर्षं थांबला. मग त्याची आई अंथरुणाला खिळली आणि एका उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. लिंगम्माला कुणी कळवलं नव्हतं. पुढच्या जत्रेला ती गेली तेव्हा गॅरेजमागच्या घराच्या दाराला वाळलेलं तोरण होतं. तिनं गाडी थांबवली नाही. पुढं वर्षभरानं तिनं जत्रांचं कामच सोडलं. डिझेलच्या मोठ्या गाड्या आल्या होत्या, पेट्रोल परवडत नव्हतं, असं ती सगळ्यांना सांगायची, आणि ते खरंही होतं. गाडी शेडमध्ये लागली ती लागलीच. तरी दर आठवड्याला ती शेडमध्ये जाऊन काच पुसायची.

यंदाच्या दिवाळीनंतर शिवकन्येचा नवरा बसवप्रभु एक निरोप घेऊन आला. तो बिदरला नौबादमध्ये राहतो, बियाणांचं दुकान आहे, सासूचं सगळं बघतो. हुमनाबादजवळ हायवेवर त्याच्या ओळखीच्या एका माणसाचं हॉटेल होतं. त्या माणसाला दारासमोर उभी करायला एक जुनी गाडी हवी होती. लोक फोटो काढतात म्हणे.

"शेड पडायला झालंय, मामी," बसवप्रभु म्हणाला. "पत्रा अंगावर पडून गाडी मोडण्यापरीस तिथं रंगरंगोटी करून नीट राहील."

लिंगम्मानं दोन दिवस विचार केला. मग म्हणाली, "देते. पर क्रेनला टांगून न्यायची न्हाई. चालत जाईल. मी नेते."

बसवप्रभुनं वाद घातला नाही. नौबादचा माणिकप्पा मिस्त्री त्यानं गावात आणला. माणिकप्पानं टाकी धुतली, कार्बोरेटर साफ केला, नवी बॅटरी आणि नवे टायर लावले. इंजिन फिरलं, एकदोनदा बोललंही, पण कार्बोरेटरमधून फाटफाट उलट्या मारून बंद पडू लागलं. माणिकप्पानं डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, आतला शाफ्ट दोन बोटांत धरून हलवला. तो खडखड हलला.

"शाफ्टभोवतीचा बुश झिजलाय," तो म्हणाला. "शाफ्ट असा डुलायला लागला की पॉइंटचं अंतर एकसारखं ऱ्हातच न्हाई. एक ठिणगी लवकर, एक उशिरा. पॉइंट बदलून काय उपेग न्हाई. अक्का, तीन वाटा हायत. नवीन मागवा, बिनापॉइंटचा, इलेक्ट्रॉनिक. न्हाईतर हैदराबादच्या भंगारात जुना बघा. न्हाईतर हाच उघडून नवा बुश बसवून घ्या."

"तुम्ही बसवताव का?"

"मला न्हाई जमायचं. असलं बारीक काम करणारा हात आता ऱ्हायला कुठं." त्यानं टोपी परत बसवली. "एक हाय आळंदकडं. मादन हिप्परग्याला. हाय का गेला, ठाऊक न्हाई."

लिंगम्मा पदराला हात पुसत राहिली. सत्तावीस वर्षांत त्या गावाचं नाव तिच्यासमोर कुणी घेतलं नव्हतं.

बसवप्रभुनं आठवडाभरात दोन्ही गोष्टी आणून ठेवल्या. चकचकीत नवा डिस्ट्रिब्युटर खोक्यातून आला आणि भंगारातला एक हैदराबादहून. लिंगम्मानं दोन्ही बघितले आणि म्हणाली, "कुठला बसतो ते जाणत्याला दाखवून येते." गाडीतला जुना तिनं स्वतःच्या हातानं काढला, काढण्याआधी आतल्या फिरत्या रोटरचं तोंड कुठं होतं तिथं खडूनं खूण केली, आणि तिन्ही पिशवीत घालून सकाळची बस धरली. बिदर, हुमनाबाद, कल्याण, आळंद. चार बस बदलल्या. पिशवी तिनं पूर्ण वेळ मांडीवर ठेवली होती.

कडुलिंब होता. छपराच्या जागी विटांचं दुकान झालं होतं आणि आत लेथ मशीन चालू होतं. लेथवर पंचविशीतली एक मुलगी काम करत होती. तिनं मशीन बंद केलं.

"कोण पायजे, आज्जी?"

"चन्नवीर मिस्त्री."

"अप्पा," मुलीनं आत हाक मारली. ती विजयश्री, चन्नवीरची एकुलती एक लेक. आयटीआय करून आली आणि बापाचं दुकान तिनंच उभं ठेवलं होतं.

चन्नवीर भिंत धरत बाहेर आला. वाळला होता. दोन्ही हात सारखे थरथरत होते. कंपवात चार वर्षांपासूनचा. त्यानं उंबऱ्यात उभं राहून बघितलं, आणि विचारलं, "गाडी कुठं लावलाव?"

"बसनं आले," लिंगम्मा म्हणाली.

तो बाकावर बसला.  लिंगम्मानं पिशवी उघडली आणि तिन्ही डिस्ट्रिब्युटर टेबलावर ओळीनं मांडले. ते बघून चन्नवीरच्या चेहऱ्यावर कामाची ओळख आली. त्यानं भंगारातला आधी घेतला. खाली दात होते ते बघितले, आतल्या पॉइंटची मांडणी बघितली. "ह्याचं फिरणं उलटं हाय. तुमच्या गाडीचा रोटर असा फिरतो, ह्याचा असा. सालं हे ध्यानातच घेत न्हाईत भंगारवाले. पर टोपी एकदम चांगली. तडा न्हाई."

मग नवा. त्याचा रोटर त्यानं विजयश्रीला बोटानं पिळून सोडायला सांगितलं. रोटर चटकन मागं आला. "आतले स्प्रिंग लई हलके. हा पळणाऱ्या मोटारीचा हाय. ओझं घेऊन चढाला लागली की ठिणगी आधीच पडंल, इंजिन ठोका दील." आणि मग त्यानं जुना हातात घेतला. थरथरत्या हातानं घेतला, तरी अंगठा बरोबर झिजलेल्या जागेवर गेला. "बॉडी चांगली हाय. शाफ्टला घास पडलाय. शाफ्ट सरळ करून त्याच मापाचा नवा बुश काढावा लागंल. दोन दिवसांचं काम." त्यानं वर बघितलं. "काय न्यायलाव हल्ली गाडीत?"

"काय न्हाई. इकली. हुमनाबादच्या हॉटेलापुढं उभी ऱ्हाणार हाय. मी नेऊन पोचविणार."

"म्हंजी एकदाच चालायचीय."

"व्हय."

चन्नवीरनं जुना डिस्ट्रिब्युटर खाली ठेवला. खोटं सांगणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "मग नवाच घाला. रिकामी गाडी, शंभर किलोमीटर. त्याला कायबी व्हत न्हाई. ह्याच्यावर दोन दिवस घालवायची गरज न्हाई."

लिंगम्मानं नवा उचलून पिशवीत टाकला.

"ह्योच दुरुस्त करा," ती म्हणाली.

चन्नवीरनं तिच्याकडं बघितलं आणि मग लेकीकडं वळून म्हणाला, "विजू, गनमेटलचा तुकडा काढ."

दोन दिवस लिंगम्मा त्या घरात राहिली. विजयश्रीनं शाफ्ट लेथवर धरून केसभर उतरवला, बुश काढला, मोजला, परत उतरवला. चन्नवीर बाकावरून सांगायचा. मध्येच तो म्हणायचा, "आता थांब, आवाज बदलला," आणि विजयश्री थांबायची तेव्हा माप बरोबर आलेलं असायचं. झालेला बुश तेलात घालून ठेवला. भंगारातल्याची टोपी ह्याला बसली. पॉइंट आणि कंडेन्सर चन्नवीरनं फळीवरच्या डब्यातून काढून दिले. कागदात गुंडाळलेले, कोरे. ह्या मापाचे पॉइंट लागणारी दुसरी गाडी त्या भागात राहिली नव्हती. तरी ते तिथं होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी चन्नवीरची बायको दानम्मा लिंगम्माला जेवायला वाढत होती. ठेंगणी, हसऱ्या तोंडाची बाई. तिनं ज्वारीची भाकरी ताटात टाकली आणि शेंगाचटणीचा डबा पुढं सरकवला.

"तुम्ही येणार म्हणून मला लगीन झाल्यापास्नं वाटायचं," दानम्मा म्हणाली. "ह्यांनी सांगितलेलं मला पहिल्या महिन्यातच. रस्त्यावरून पेट्रोलची गाडी गेली की जेवण सोडून दारात जायचे. मी म्हणायचे, ती न्हाई व, बसा."

लिंगम्माच्या हातातला घास हातातच राहिला. "तुम्हाला राग न्हाई आला?"

"आला की. दोन-तीन वर्षं लई आला. मग विजू झाली. आन हे माणूस वाईट न्हाई, अक्का. माझ्यासंग नीटच ऱ्हायले. दारात जायचे तेवढंच." तिनं डाळ वाढली. "मी सुद्धा गेले कवा कवा. म्हणलं बघावं तरी कशी हाय ते."

लिंगम्मानं मान खाली घालून भाकरी संपवली. दानम्मानं उत्तर मागितलं नाही.

निघताना चन्नवीर एसटीच्या थांब्यापर्यंत आला, विजयश्रीच्या खांद्यावर हात ठेवून. बस यायला अर्धा तास होता. लिंगम्मा म्हणाली, "शिवकन्येचं लगीन दोन हजार तीनला झालं." तिनं हे तेव्हापासून मनात कितीदा म्हटलं होतं कुणास ठाऊक, बाहेर आलं तेव्हा साध्या बातमीसारखं आलं.

"कळलं व्हतं," चन्नवीर म्हणाला. "चांगलं झालं."

बस आली. खिडकीशी बसून तिनं बाहेर बघितलं तर तो हात वर करत होता, आणि तो हात हलत होता तो निरोपानं की आजारानं, ते तिला कळेना.

चिंताकीत तिनं डिस्ट्रिब्युटर खडूच्या खुणेवर बसवला. कागद लावून पॉइंट सुटायची जागा पक्की केली. इंजिन पहिल्याच फेऱ्यात सुरू झालं, पण चाल जरा जड होती. बसवप्रभु म्हणाला, "माणिकप्पाला बोलावू का, मामी?" तिनं विजयश्रीला फोन लावला आणि बसवप्रभुच्या हातात देऊन म्हणाली, "इंजिनापाशी धरा."

फोनच्या त्या बाजूला चन्नवीर होता. तो काही वेळ नुसता ऐकत राहिला.

"डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर हात कुणाचा हाय?"

"मी," लिंगम्मा म्हणाली.

"डावीकडं फिरवा. केसभर. आणखी. न्हाई, लई झालं, मागं घ्या." इंजिनाचा आवाज घट्ट झाला, मग मोकळा, मग एकसारखा. "बास. आता हात काढू नका, तसंच धरून बोल्ट आवळा."

तिनं बोल्ट आवळला. अंगण भरून तो आवाज पसरला आणि शेजारच्या रानातली माणसं उभी राहून बघू लागली. चन्नवीर काही बोलत नव्हता. बसवप्रभुला वाटलं फोन कटला. त्यानं स्क्रीन बघितली, तर चालू होता.

सोमवारी सकाळी लिंगम्मा गाडी घेऊन निघाली. मागून बसवप्रभु मोटारसायकलवर. औरादच्या अलीकडच्या चढाला तिनं गिअर उतरवला आणि कान देऊन ऐकलं. एकही ठोका नाही. संतपूर गेलं, बिदर गेलं. रस्ते रुंद झाले होते, तिच्या खुणेची झाडं गेली होती, लोक हॉर्न वाजवत पुढं जात होते आणि खिडकीतून मोबाईल धरत होते. तिला त्यांचं काही नव्हतं. स्टिअरिंगची थरथर तळहातातून खांद्यापर्यंत जात होती. इतक्या वर्षांत आपल्याला नेमकं काय पाहिजे होतं ते तिला तेव्हा कळलं. फार मोठं काही नव्हतं ते. जत्रेचं सामान मागं वाजतंय, पुढं अजून एक मुक्काम आहे, आणि तिथं कुणाला तरी आपण येणार हे ठाऊक आहे, एवढंच.

हुमनाबादला हायवे लागतो. डावीकडं हॉटेल, उजवीकडं कल्याण आणि तिथून आळंद. तिनं गाडी कडेला घेतली. इंजिन चालू ठेवलं. काटा बघितला, पेट्रोल अर्धी टाकी होतं.

बसवप्रभु शेजारी येऊन थांबला. "कामून थांबलाव, मामी?"

ती उजवीकडं बघत होती.

"काय न्हाई," ती म्हणाली. "मोठ्या गाड्या जाऊ देयलेय."

मोठ्या गाड्या गेल्या. आणखी आल्या, त्याही गेल्या. बसवप्रभु समजूतदार माणूस. त्यानं परत विचारलं नाही. मग लिंगम्मानं डावीकडं वळवली.

हॉटेलवाल्यानं हार घातला, नारळ फोडला. गाडी त्यानं चौथऱ्यावर चढवायला सांगितली. लिंगम्मानं एका दमात चढवली आणि किल्ली काढून त्याच्या हातात दिली. गाडीच्या मागच्या भागात फुलांच्या कुंड्या ठेवणार आहे, असं तो सांगत होता. ती ऐकत होती.

संध्याकाळी नौबादला शिवकन्येच्या घरी पोचल्यावर तिनं फोन लावला.

"पोचविली," ती म्हणाली.

"चढाला ठोका दिला का?" चन्नवीरनं विचारलं.

"न्हाई."

"मग बुश बसला नीट."

"व्हय. बसला."

  मग त्यानं विचारलं, "कुठनं कुठनं गेलाव?" आणि लिंगम्मानं सांगायला सुरुवात केली. शेडमधून गाडी काढली तिथपासून. कुठला चढ कसा लागला, संतपूरला कुणी हात केला, बिदरच्या अलीकडं रस्ता कसा बदललाय, कुठं गिअर टाकला. हुमनाबादच्या चौकापाशी येऊन ती थांबली.

"तिथं जरा उभी केली," ती म्हणाली.

"किती वेळ?"

"झाली असंल दहा-पंधरा मिनिटं."

 चन्नवीर म्हणाला, "बरं केलाव," आणि थोड्या वेळानं, "पुढं सांगा."